भिंत बंद होण्याआधी: पहिल्यांदाच बांधकाम आणि वायरिंगचं काम देणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या घराच्या वेळी टाइल्सचा रंग ठरवायला मी तीन आठवडे घेतले. वायरमनने "डीबी कुठे घेऊ?" (डीबी म्हणजे घरभर वीज वाटणारी पेटी) असं विचारलं, तेव्हा मात्र "तुम्हीच बघा" म्हणून मोकळा झालो. त्याने बघितलं. आज ती डीबी कपड्यांच्या कपाटात आहे. सुताराने कपाटाची पाठ कापून तिथे चौकोन केला, आणि एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारं बटण) पडला की आधी हँगर बाजूला सारावे लागतात.

पुढे स्वतःचं आणखी एक काम आणि ओळखीच्यांची पाच-सहा कामं जवळून पाहिली. मी इंजिनिअर नाही. काम करून घेणारा माणूस आहे. पण एक गोष्ट प्रत्येक ठिकाणी दिसली. रंग चुकला तर डोळ्यांसमोर असतो, पुन्हा मारता येतो. महागात पडणारी चूक गिलाव्याच्या आत, काँक्रीटच्या पोटात किंवा टाइल्सखाली असते. म्हणून खाली जे सांगतोय ते एकाच गोष्टीभोवती फिरतं: काहीही झाकलं जाण्याआधी ते बघायचं, आणि कंत्राटदाराचे पैसे त्या बघण्याला बांधून ठेवायचे.

पहिलं काम घरी बसून

कंत्राटदाराला फोन करण्याआधी प्रत्येक खोलीचा कच्चा आराखडा काढा. प्रमाणात नसला तरी चालेल, पण त्यात पलंग, टेबल, ओटा, आरसा कुठे येणार ते हवं. दाराची फळी कोणत्या बाजूला उघडते तेही दाखवा. ही साधी गोष्ट सुटते आणि मग आयुष्यभर दार लोटून त्यामागे हात घालत बटण शोधावं लागतं.

मग विजेची उपकरणं आणि त्यांचे वॅट लिहून काढा, पुढच्या काही वर्षांत घ्यायची आहेत तीसुद्धा. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर साधारण ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा १३. दोन्ही एकाच सर्किटवर टाकले तर जवळपास २२ अँपिअर होतात. हा हिशेब तुमच्याकडे असला की "सगळं एकाच लाइनवर चालतं हो" या वाक्यावर गप्प बसायची वेळ येत नाही.

बांधकामात एक गोष्ट कंत्राटदारावर कधीच सोडू नका: कोणती भिंत पाडता येते आणि कोणती नाही. तो कितीही अनुभवी असो, भार कुठून कुठे उतरतो हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघून लेखी द्यायचं असतं. परवानग्यांचंही तसंच. कागदावर मालक म्हणून नाव तुमचं असतं, त्यामुळे नोटीसही तुम्हालाच येते.

काम कोणत्या पद्धतीने द्यायचं

पद्धती ढोबळमानाने चार आहेत: रोजंदारी, नुसती मजुरी, माल-मजुरीसह मापावर, आणि उक्तं. प्रत्येकीत कुठे ना कुठे मोह आहे आणि तो ओळखून पद्धत निवडावी. रोजंदारीत काम लांबतं. नुसत्या मजुरीत मालाची नासाडी होते, कारण माल त्याचा नसतो, आणि गवंडी "अजून चार पोती लागतील" म्हणाला की तुम्ही धावत सुटता. मापावर दिलं की माप फुगतं. उक्त्यात रक्कम ठरलेली असते, त्यामुळे कंत्राटदाराची कमाई माल वाचवण्यात असते. तो माल कुठे वाचवतो? जिथे तुम्हाला दिसत नाही तिथे.

नवख्या माणसाने बांधकाम माल-मजुरीसह मापावर द्यावं आणि वायरिंगमध्ये वायर, एमसीबी, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारं उपकरण) स्वतः विकत घेऊन मजुरी पॉइंटवर, म्हणजे दिवे-पंखे-सॉकेट मोजून, ठरवावी, असं माझं मत आहे. विजेच्या मालाची यादी छोटी असते, तपासायला सोपी असते, आणि तिथे हलका माल आला तर प्रकरण जिवाशी येतं. फक्त "एक पॉइंट" म्हणजे काय ते आधी ठरवा. जिन्यातला दिवा वरून आणि खालून दोन्हीकडून लागणारा असेल तर तो एक पॉइंट की दोन? यावरून शेवटच्या बिलाच्या वेळी झालेली भांडणं मी ऐकली आहेत.

मापावर दिलं तर माप कसं धरणार हेही लिहून घ्या. गिलाव्याच्या मापातून दारं-खिडक्या वजा होणार का? खिडकीच्या कडा वेगळ्या मोजणार की त्याच मापात? माप दोघांनी मिळून, एकच टेप धरून घ्यायचं आणि वहीत दोघांनी सही करायची.

माणूस शोधताना

कंत्राटदार पूर्ण झालेलं चकचकीत घर दाखवतो. ते बघा, पण त्याला म्हणा, "सध्या चालू असलेलं काम दाखवा." उघड्या साइटवर माणूस कळतो. सिमेंटची पोती जमिनीवरच टाकली आहेत की फळ्यांवर, भिंतीपासून लांब? वायरिंगचे पाईप बोर्डापासून सरळ उभे वर गेलेत की भिंतीवर तिरके पळालेत? बॉक्सच्या तोंडाला कागदाचा बोळा लावलाय की आत गिलाव्याचा माल पडलाय? दहा मिनिटांत अंदाज येतो.

जुन्या गिऱ्हाइकाला फोन करायचा असेल तर दोन-तीन वर्षांपूर्वी काम झालेलं गिऱ्हाईक मागा. "काम चांगलं झालं का?" या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. "नंतर काही बिघडलं तेव्हा बोलावल्यावर आला का?" हे विचारा आणि समोरचा किती वेळ गप्प राहतो तेही ऐका.

विजेच्या कामासाठी बहुतेक ठिकाणी परवाना लागतो. परवाना कुणाच्या नावावर आहे, काम झाल्यावर चाचणीच्या दाखल्यावर सही कोण करणार, आणि प्रत्यक्ष भिंतीत वायर ओढणारा माणूस कोण, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. तीन वेगळी नावं आली तर लगेच नकार देऊ नका, पण तिघांचं एकमेकांशी नातं काय ते समजून घ्या.

दर मागवताना

किमान तिघांना तीच यादी द्या, तोच आराखडा द्या. प्रत्येकाला तोंडी वेगवेगळं सांगितलंत तर तीन वेगवेगळ्या कामांचे दर हातात येतात आणि तुलना होत नाही.

सगळ्यात कमी दर आला की आनंदून जाण्याआधी त्यात काय नाही ते शोधा. झिरी मारणं, म्हणजे पाईपासाठी भिंतीत खाच पाडणं, वायरमनच्या दरात असतं. ती पुन्हा बुजवणं कुणाच्या? वायरमन म्हणतो गवंड्याचं, गवंडी म्हणतो वायरमनचं, आणि तुम्ही पुट्टीचा डबा घेऊन उभे. राडारोडा उचलणं, परांची, वरच्या मजल्यावर माल चढवणं, कामापुरती वीज आणि पाणी, जुन्या टाइल्स काढणं, रोज संध्याकाळची झाडलोट: या गोष्टी दरपत्रकात नसल्या तरी शेवटच्या बिलात असतात.

कागद

करार वकिली भाषेत नसला तरी चालतो, पण तोंडी नको. त्यात कामांची यादी, मालाचं नाव आणि जाडी किंवा दर्जा, पैसे कोणत्या टप्प्यावर, सुरुवात आणि शेवटाची तारीख, आणि काम संपल्यावर किती महिने दुरुस्ती फुकट हे यावं. "चांगल्या दर्जाची वायर" हे शब्द कोऱ्या कागदाइतकेच उपयोगी आहेत. "तांब्याची, २.५ चौ. मिमी, अमुक ब्रँड" असं हवं. आणि एक कलम ठळक: वाढीव काम दर ठरवून लिहिल्याशिवाय सुरू होणार नाही. कारण "साहेब, तेवढं करून टाकू का?" याला तुम्ही हसून मान हलवता आणि ती मान बिलात उमटते.

पैसे आणि उचल

काम सुरू करताना थोडी रक्कम देणं वाजवी आहे. माल आणायचा असतो, माणसं जमवायची असतात. पण दिलेला पैसा झालेल्या कामाच्या पुढे धावता कामा नये, हे एक पथ्य काटेकोर पाळा. शनिवारी हजेरी वाटायची असते, तेव्हा कंत्राटदार उचल मागायला येतो आणि त्याची अडचण बहुतेक वेळा खरीच असते. मी एकदा अशा तीन उचली लागोपाठ दिल्या. चौथ्या सोमवारी साइटवर कुणीच नव्हतं. माझ्या पैशांवर त्याने दुसऱ्याचं काम सुरू केलं होतं, कारण माझ्याकडून यायचं फारसं काही उरलं नव्हतं. तो लबाड होता असंही मला वाटत नाही. आधीच्या कामाचं भोक पुढच्या कामाच्या पैशाने बुजवत राहण्याची ही रीतच आहे, आणि तुम्ही तिच्यातला शेवटचा दुवा व्हायचं नसतं.

म्हणून टप्पे असे ठेवा की प्रत्येक टप्पा म्हणजे काहीतरी झाकलं जाण्याची वेळ. पाईप टाकून झाले, तपासले, मग पैसे, मग गिलावा. सळई बांधून झाली, तपासली, मग पैसे, मग स्लॅब. शेवटी ५ ते १० टक्के रक्कम दुरुस्तीच्या मुदतीपर्यंत राखून ठेवायची, आणि हे पहिल्याच दिवशी सांगून. शेवटी सांगितलं तर त्याला ती फसवणूक वाटते, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

झाकायच्या आधी काय बघायचं

हा भाग सावकाश वाचा.

वायरिंगपासून सुरुवात करू. झिरी उभी किंवा आडवी हवी, तिरकी कधीच नको. तिरका पाईप टाकला की वायरमनचे हातभर पाईप वाचतात, आणि पाच वर्षांनी तुम्ही फोटो टांगायला ड्रिल लावता तेव्हा बिट थेट वायरीत शिरतं. विटांच्या भिंतीत उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी. म्हणजे १५० मिमीच्या भिंतीत उभी फार तर ५० मिमी आणि आडवी २५ मिमी. बीम आणि कॉलमवर छिन्नी चालवायचीच नाही. "नुसतं वरचं कव्हर काढतोय" असं कुणी म्हणालं तर काम तिथेच थांबवा. ते कव्हर म्हणजे सळईला गंजण्यापासून वाचवणारी काँक्रीटची कातडी असते.

मग वायरीची जाडी. बोलताना आपण दीडची, अडीचची, चारची वायर म्हणतो. तो आकडा चौरस मिलिमीटरचा. वायरीच्या अंगावर तो छापलेला असतो, तुम्ही स्वतः वाचा. जाडीसोबत एमसीबीचा आकडा बघा. एमसीबी असतो तो वायरीच्या रक्षणासाठी. दीडच्या वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला तर वायर भिंतीत तापून तिचं वेष्टण वितळेल आणि एमसीबी आपला शांत बसून राहील. "सारखा पडतो म्हणून मोठा टाकला" हे वाक्य ऐकलंत की समजा, आजार तसाच ठेवून थर्मामीटर बदललाय.

माणसाचं रक्षण करते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांत फरक पडला, म्हणजे कुठेतरी गळती झाली, की ती वीज तोडते. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची लागते. १०० किंवा ३०० ची आगीपासून बचावासाठी असते, ती शॉक लागलेल्या माणसाला वाचवेल असं धरू नका. माझ्या दुसऱ्या घरात आरसीसीबी दिवसातून दोनदा पडायची. वायरमन आला, म्हणाला पीस खराब आहे, आणि तात्पुरती म्हणून ती बाजूला ठेवून वायरी सरळ जोडून गेला. ते "तात्पुरतं" सात महिने चाललं. शेवटी दुसऱ्या माणसाने डीबी उघडली तर दोन वेगवेगळ्या आरसीसीबींच्या न्यूट्रल एकाच पट्टीवर एकत्र आवळलेल्या. जाणारा प्रवाह एकीतून, येणारा दुसरीतून. ती बिचारी पडणार नाही तर काय करणार? पीस ठणठणीत होता. वीस मिनिटांचं काम होतं. पाईप उघडे असतानाच प्रत्येक सर्किटचा फेज आणि न्यूट्रल जोडीने ओढून दोघांना एकाच क्रमांकाची चिठ्ठी लावली असती तर तेवढंही लागलं नसतं.

गिलाव्याआधीची शेवटची गोष्ट: फोटो. प्रत्येक भिंतीचा समोरून, भिंतीवर टेप उभी धरून, म्हणजे पाईप जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते आकड्यांसकट दिसेल. नळाच्या पाईपांचेही असेच घ्या. त्याआधी पाईपांत दाब भरून गेज लावा, साधारण कामाच्या दाबाच्या दीडपट, आणि काटा खाली येतो का ते बघा. काटा खाली आला तर गळती आहे, आणि ती शोधायला आजच्याइतकी सोपी पुन्हा कधीच नसणार.

आता काँक्रीट. इथला सगळ्यात मोठा शत्रू पाणी, आणि सगळ्यात मोठा मित्रही पाणीच. माल घट्ट असला की तो ओढायला, पसरायला जड जातो, म्हणून मजूर त्यात बादलीभर पाणी ओततो. ५० किलोच्या पोत्याला पाणी निम्म्या वजनाचं धरलं तर ते २५ लिटर होतं, वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी यात मोजून. त्यापुढची प्रत्येक बादली ताकद खाते: जादा पाणी उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. भरायच्या दिवशी तुम्ही हजर राहा आणि पाणी कोण ओततंय तेवढंच बघा. भरून झाल्यावर उलट. मग पाणी मारण्यात कंजुषी नको. साधं सिमेंट (पोत्यावर OPC लिहिलेलं) असेल तर निदान ७ दिवस काँक्रीट सतत ओलं राहायला हवं. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवणं पुरत नाही. गोणपाट अंथरून भिजवा किंवा आळं करून पाणी साठवा. सातव्या दिवशी ताकद २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश होते, म्हणून खालचे टेकू कधी काढायचे हे इंजिनिअरला विचारा. सेंट्रिंगवाल्याला घाई असते, त्याच्या फळ्या दुसऱ्या साइटवर हव्या असतात.

सळईखाली ठोकळे आहेत का ते भरण्याआधी वाकून बघा. सळई फळ्यांना टेकलेली असेल तर कव्हर शून्य, आणि काही वर्षांत छताच्या खपल्या पडू लागतात.

बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावण्याआधी जाळीचं तोंड बंद करून पाणी साठवा. भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा आणि निदान २४ तास थांबा. दुसऱ्या दिवशी रेघ बघा आणि खालच्या खोलीचं छतही बघा. गवंडी कुरकुर करेल, त्याचा एक दिवस जातो. जाऊ द्या.

साइटवर वागताना

सूचना एकाच माणसाला द्या, कंत्राटदाराला किंवा त्याने नेमलेल्या मिस्त्रीला. तुम्ही मजुराला परस्पर "जरा इकडे घे" म्हणालात की चुकीची जबाबदारी तुमची होते. घरातूनही एकानेच बोलावं. सकाळी एकाने खिडकी उजवीकडे सांगायची आणि संध्याकाळी दुसऱ्याने डावीकडे, यात वीट दोनदा निघते आणि बिलही दोनदा. तोंडी काही ठरलं की रात्री दोन ओळींचा मेसेज टाका: "आज ठरल्याप्रमाणे स्वयंपाकघरात दोन जादा पॉइंट, दर ठरलेलाच." समोरून नुसता अंगठा आला तरी पुरावा झाला.

चूक दिसली तर त्याच्या माणसांसमोर आवाज चढवू नका. बाजूला घेऊन सांगा, पण त्याच दिवशी सांगा. गवंड्याने भिंत ओळंब्यात घेतली नसेल तर दुसऱ्या थराला ती काढायला तासभर लागतो, आठव्या थराला कुणी काढत नाही. खोली काटकोनात आहे का हे तुम्ही स्वतः बघू शकता: कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट हवं. टाइल्स लागल्यावर हे कळलं तर एका भिंतीला पाचरीसारखे तुकडे लागलेले असतात आणि रोज दिसतात.

"दोन दिवसांत होऊन जाईल" हे ऐकल्यावर विचारा, "कोणत्या दोन?" एवढ्याने बरंच काही बदलतं.

ताब्यात घेताना

वायरिंग पूर्ण झाल्यावर, उपकरणं जोडण्याआधी, मेगरने (वायरीचं वेष्टण तपासणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन तपासून घ्या. घरगुती वायरिंगला ५०० व्होल्टची चाचणी असते आणि वाचन निदान १ मेगाओहम हवं. नव्या वायरिंगला ते याच्या कितीतरी वर येतं. १ च्या जवळपास घोटाळत असेल तर कुठेतरी वायर सोललेली किंवा पाईपात ओल आहे. आरसीसीबीचं टेस्टचं बटण तुमच्यासमोर दाबायला लावा, आणि पुढेही काही महिन्यांतून एकदा स्वतः दाबत राहा. डीबीच्या झाकणावर प्रत्येक एमसीबीसमोर खोलीचं नाव हवं. मग एकेक पाडून बघा, खरंच तीच खोली बंद होते का. आमच्याकडे "बेडरूम" लिहिलेला पाडला आणि स्वयंपाकघर काळोखात गेलं.

टाइल्सवर नाणं वाजवत फिरा. बद्द, पोकळ आवाज आला तिथे खाली माल नाही. खडूने फुली करा. बाथरूममध्ये बादली उपडी करा आणि पाणी जाळीकडे जातं की दाराकडे ते बघा. सगळ्या त्रुटी एका कागदावर लिहा, तारीख घाला, दोघांनी सही करा. शेवटचा हप्ता त्या यादीवर, राखीव रक्कम मुदत संपल्यावर. आणि ती ठरल्या दिवशी न मागता द्या. पुढच्या वेळी फोन उचलणारा माणूस तुम्हाला हवा आहे.

भिंतींचे फोटो फोनमध्ये नुसते पडू देऊ नका. खोलीचं नाव देऊन एका फोल्डरमध्ये ठेवा आणि घरातल्या आणखी एकाकडे प्रत द्या. मागच्या महिन्यात मुलीला तिच्या खोलीत फळी लावायची होती. तिने फोटो उघडला, टेपवरचा आकडा वाचला, पेन्सिलची खूण चार बोटं डावीकडे सरकवली आणि मग ड्रिल सुरू केलं.